"हात जास्त थरथरतोय गं" : मनाच्या आजारांवरची औषधं, त्यांचे त्रास आणि घ्यायची काळजी

निशिगंध

दादा ११ वर्षं लिथियम घेतोय. त्याला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार. लिथियम सुरू होण्याआधीच्या चार वर्षांत त्याला तीनदा भरती करावं लागलं होतं. नंतर या आजारासाठी एकदाही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी औषधालाच दोष देणार नाही.

गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात त्याला दोन दिवस जुलाब झाले. त्याच्या आधीच्या आठवड्यात गुडघा मुरगळला होता, म्हणून आयब्युप्रोफेन चालू होतं. घरात स्ट्रिप पडलेली होती, कुणाला विचारायची गरज वाटली नाही. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "हात जास्त थरथरतोय गं." मी म्हटलं, "तो तर तुझा नेहमीचाच." लिथियमवर त्याचा हात थोडा थरथरतोच. बोटं पसरली की टोकांना बारीक कंप दिसतो. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की मी मान वर करूनही पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी त्याला एका अर्जावर सही करायची होती. त्याची सही छोटी, तिरकी, एका झटक्यात होणारी. त्या दिवशी पेन कागदावर टिकेना. बोटं नाही, मनगटापासून सगळा पंजा हलत होता. तीन वेळा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा जे उमटलं ते गिरगटल्यासारखं होतं. तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. बोलताना जीभ जड झाली होती. दारापर्यंत जाताना तो भिंतीला हात लावत, पाय फाकवून चालत होता. हे सगळं आदल्या दिवसापासून होतं. पण चाल गुडघ्यामुळे, अशक्तपणा जुलाबांमुळे, बोलणं झोपेमुळे, असं प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे कारण तयार होतं.

रुग्णालयात रक्तातली लिथियमची लेव्हल निघाली २.३. त्याची नेहमीची ०.७ असते. गोळी बंद, सलाईन, दर काही तासांनी रक्ततपासणी. डायलिसिसची तयारी ठेवली होती, ती वेळ आली नाही. चाल पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर मेंदूवर कायमचा परिणाम राहू शकला असता.

नंतर मी समजून घेतलं ते असं. लिथियम हा क्षार आहे, तो मूत्रपिंडातून बाहेर पडतो, आणि मूत्रपिंड त्याला जवळजवळ सोडियमसारखंच वागवतं. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनीही लिथियमचं बाहेर पडणं कमी होतं. आमच्याकडे दोन्ही एकदम झालं. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनीही लेव्हल चढते, आणि मीठ अचानक सोडल्यानेही.

जॉन केड यांनी ऑस्ट्रेलियात १९४९ मध्ये लिथियमचा मॅनियावर, म्हणजे अति उत्साहाच्या झटक्यावर, उपयोग होतो हे मांडलं. म्हणजे औषध इतकं जुनं, त्याचे धोके इतके माहीत असलेले, तरी ११ वर्षांत "जुलाब झाले तर लगेच फोन करा" हे वाक्य आमच्या कानावर पडलं नव्हतं. किंवा पडलंही असेल, आम्ही लक्षात ठेवलं नाही. दादाने मात्र सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही. ते मला अजून सोडत नाही.

घरात आम्ही दोनच गोष्टी धरून चालायचो: त्रास झाला तर सोसायचा, नाहीतर गोळी बंद करायची. वेळेवर सांगायचं आणि डॉक्टरांनी त्यावर काहीतरी करायचं, हे आम्हाला सुचतच नसे. तुम्हाला कोणत्या औषधावर काय त्रास झाला, कधी कळला, कुणाला सांगितला, ते इथे लिहा. डोस कुणी कुणाला सुचवू नका, ही विनंती.

औदुंबर

निशिगंधताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. आमचं बाबांचं सांगतो. वय ७६. आई गेल्यावर नैराश्य आलं, एसिटालोप्रॅम सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात ते घरातल्या घरात गोंधळायला लागले. स्वतःची खोली सापडेना, एकदा मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली. आम्ही सगळे म्हणालो, झालं, स्मृतिभ्रंश सुरू झाला. बहिणीने तर कायमच्या मदतनिसाची चौकशीही केली.

रक्तात सोडियम १२२. नेहमीचं १३५ ते १४५ असतं. या गटातल्या गोळ्यांनी वयस्कर माणसांचं सोडियम उतरू शकतं, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. बाबांना ती होतीच. गोळी बदलली, पाणी मोजून दिलं, आठवड्याभरात बाबा पहिल्यासारखे. सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी सोडियम तपासलं असतं तर हे सगळं टळलं असतं. म्हाताऱ्या माणसाचं वागणं अचानक बदललं तर वयाच्या नावावर ढकलण्याआधी रक्त तपासा एवढंच म्हणेन.

मोकळं_आभाळ

मी उलट बाजूने लिहिते. मला त्रास गोळीने नाही, गोळी बंद केल्याने झाला.

दीड वर्ष व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची गोळी घेत होते. बरं वाटत होतं, नोकरी बदलली, नव्या ठिकाणी कुणाला कळू नये असं वाटलं आणि एका शुक्रवारी बंद केली. शनिवारी दुपारपासून डोक्यात करंट बसायला लागले. याला दुसरा शब्द नाही माझ्याकडे. डोळे डावीकडून उजवीकडे वळवले की कवटीच्या आत एक 'झिप्' असा आवाज आणि क्षणभर सगळं अर्धा इंच सरकल्यासारखं. जिना उतरताना कठड्याला धरून प्रत्येक पायरीवर थांबत होते. घाम, मळमळ, विचित्र स्वप्नं, आणि चौथ्या दिवशी विनाकारण रडू. मला वाटलं आजार दुप्पट जोराने परत आला. डॉक्टरांना फोन करायची लाज वाटत होती, कारण न विचारता बंद केली होती. शेवटी केला. त्या अजिबात रागावल्या नाहीत. पुन्हा गोळी सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी करंट थांबले. मग पाच महिने लावून हळूहळू उतरवली.

माझा प्रश्न: याला व्यसन म्हणायचं का?

स्पष्ट_बोलतो

हो, व्यसनच म्हणायचं. बंद केली की त्रास, सुरू केली की बरं, याला दुसरं काय म्हणतात? माझा मावसभाऊ हसता-खेळता मुलगा होता. भ्रम होतात म्हणून गोळ्या सुरू केल्या, आता दिवसभर लाळ गाळत बसलेला असतो. चेहऱ्यावर काही हलत नाही. विचारलं तर डॉक्टर म्हणतात, आजार आटोक्यात आहे. आजार आटोक्यात आहे, माणूस कुठे आहे? माझं मत स्पष्ट आहे, या गोळ्यांपासून लांब राहावं.

अर्धविराम

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

स्पष्ट_बोलतो, तुमच्या भावाबद्दल तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे, मी ते नाकारणार नाही. चेहरा न हलणं, लाळ, मंद हालचाल ही बऱ्याचदा मेंदूतलं डोपामिन हे रसायन औषधाने जास्त अडवलं गेल्याची लक्षणं असतात. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. "आजार आटोक्यात आहे" हे उत्तर पुरेसं नाही. पुढच्या भेटीला तुम्ही स्वतः बरोबर जा आणि जसं इथे लिहिलंत तसंच सांगा: सकाळी किती वाजता उठतो, किती तास नुसता बसून असतो, लाळ उशीवर किती असते. तुम्ही पाहता ते आम्हाला दहा मिनिटांच्या भेटीत दिसत नाही. फक्त त्याला आज गोळी बंद करायला सांगू नका. भ्रमाच्या आजारात अचानक बंद केलेल्या गोळीनंतर जो झटका येतो तो बऱ्याचदा पहिल्यापेक्षा जड जातो.

आता व्यसनाबद्दल. मोकळं_आभाळ, तुम्हाला गोळीची ओढ लागली नव्हती, डोस वाढवत न्यावासा वाटला नव्हता, त्यासाठी कामधाम सोडलं नव्हतंत. त्यामुळे व्यसन नाही. पण शरीर त्या औषधाला सरावलं होतं, आणि ते काढून घेतल्यावर शरीराने तक्रार केली. व्हेन्लाफॅक्सिन रक्तातून काही तासांतच उतरतं, म्हणून त्याचा त्रास जास्त. पॅरॉक्सेटिनचंही तसंच. फ्लुओक्सेटिन मात्र आठवडेच्या आठवडे अंगात रेंगाळतं, त्यामुळे ते बंद करणं त्या मानाने सोपं. आमच्या क्षेत्राने हा त्रास कित्येक वर्षं "सौम्य, आठवडा-दोन आठवड्यांत जातो" असं म्हणून बाजूला टाकला. ते चुकलं. काहींना तो महिनोन्‌महिने राहतो.

कमी करतानाची एक गोष्ट लोकांना माहीत नसते. डोस आणि मेंदूवरचा परिणाम यांचं नातं सरळ रेषेचं नाही. मोठ्या डोसमधून अर्धा कमी केला तर फारसं जाणवत नाही, पण शेवटचा छोटासा तुकडा काढला की पायाखालची जमीन सरकते. म्हणून शेवटच्या टप्प्यात पावलं सगळ्यात लहान हवीत. आणि व्हेन्लाफॅक्सिनची हळूहळू विरघळणारी गोळी चुरून किंवा चावून घेऊ नका, सगळा डोस एकदम सुटतो.

बंद करणं योग्यच नाही असंही नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बरीच वर्षं नैराश्यावरची गोळी घेणारे आणि आता बरे असलेले लोक त्यात होते. ज्यांची गोळी हळूहळू बंद केली त्यांच्यातल्या ५६ टक्के लोकांना वर्षभरात नैराश्य परत आलं. ज्यांची चालू ठेवली त्यांच्यात ३९ टक्क्यांना. हे आकडे मी रुग्णांसमोर ठेवतो. कुणी म्हणतं, मला धोका नको, चालू ठेवतो. कुणी म्हणतं, बंद करून बघतो. दोन्ही निर्णय शहाणपणाचे असू शकतात.

स्पष्ट_बोलतो, एका गटाबाबत मात्र तुमचा इशारा मला पूर्ण मान्य आहे, झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या: अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम, लोराझेपॅम, डायझेपॅम. यातली पहिली गोळी १९६० मध्ये बाजारात आली, डायझेपॅम १९६३ मध्ये, आणि बराच काळ ती निर्धोक समजून वाटली गेली. काही आठवड्यांतच सवय लागते. जुन्या वापरानंतर एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. दारू किंवा अफूवर्गीय वेदनाशामकाबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. वयस्कर माणसं रात्री उठताना पडतात आणि खुबा मोडतो. थोड्या दिवसांसाठी म्हणून दिलेली ही गोळी पाच वर्षं तशीच चालू असलेली माणसं मला दर आठवड्याला भेटतात. तुमच्या घरात अशी असेल तर डॉक्टरांना "ही किती दिवसांसाठी होती?" हा प्रश्न विचारा.

स्पष्ट_बोलतो

लाळ उशीवर किती असते, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या भेटीला मी जातो.

कुहू

चेहरा हलत नाही ते दिसतं तरी. मला जे झालं ते कुणाला दिसलंच नाही, किंवा दिसलं ते उलटं दिसलं.

मला हॅलोपेरिडॉल हे भ्रमावरचं औषध सुरू केलं होतं. आठवड्याच्या आत मला बसता येईना. खुर्चीत बसले की पोटऱ्यांच्या आतून कुणीतरी ढकलतंय असं वाटायचं. उभी राहिले की एका पायावरून दुसऱ्या पायावर. मग चालायचं. खोलीच्या दारापासून खिडकीपर्यंत ११ पावलं होती. ती मी रात्री तीनपर्यंत मोजली आहेत. आडवी झाले की दोन मिनिटांत उठून बसायचे. हे मनातलं होतं की अंगातलं तेही कळत नव्हतं, फक्त या कातडीतून बाहेर पडावं असं वाटायचं. बाहेर पडण्याचे मार्ग मनात यायला लागले होते. ते पुढचं लिहीत नाही.

घरच्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "फार अस्वस्थ आहे, सारखी फिरते, आजार वाढलाय." डोस वाढवला गेला. त्यानंतरचे चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. पाचव्या दिवशी दुसऱ्या एका डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला: "फिरावंसं वाटतं की फिरल्याशिवाय राहवत नाही?" मी रडायला लागले. गोळी बदलली, प्रोप्रॅनोलॉल दिलं, तीन दिवसांत मी एका जागी बसून जेवले.

त्याला अकाथिसिया म्हणतात हे नंतर कळलं.

अर्धविराम

कुहू, हे लिहायला किती जड गेलं असेल याची कल्पना आहे. त्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच "बसता न येणं". हा त्रास भ्रमावरच्या औषधांनी होतो, कधी मळमळीवरच्या मेटोक्लोप्रामाइडने होतो, आणि कधी नैराश्यावरच्या गोळ्यांनीही. आजाराची अस्वस्थता समजून डोस वाढवण्याची चूक आमच्याकडून होते. घरच्यांनी वेळ पाहावी: अस्वस्थता औषध सुरू केल्यानंतर किंवा डोस वाढवल्यानंतर थोड्याच दिवसांत आली का? तसं असेल तर ते वाक्य डॉक्टरांसमोर सगळ्यात आधी बोला. आणि आत्महत्येचे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा.

याच जोडीला आणखी दोन. पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत मान एकदम वाकडी होणं, डोळे वर चढणं, जबडा आवळणं. दिसायला भयंकर, पण इंजेक्शनने बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात सुटतं. दुसरं, वर्षानुवर्षांच्या वापरानंतर तोंड चघळल्यासारखं हलत राहणं, जीभ आत-बाहेर होणं. ते माणसाला स्वतःला कळत नाही, घरच्यांना आधी दिसतं. लवकर सांगितलं तर उपाय करता येतात. २०१७ पासून त्यासाठी खास औषधंही आली आहेत.

सई_सांज

मी २६ वर्षांची असताना मला व्हॅल्प्रोएट सुरू झालं. ते मॅनियावर आणि फिटवरही देतात. तीन वर्षं घेतलं. लग्न ठरल्यावर एका मैत्रिणीने, जी स्वतः परिचारिका आहे, सहज विचारलं, "बाळाचा विचार असेल तर हे चालतं का?" तोवर मला कुणी बोललं नव्हतं. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर साधारण १० पैकी एका बाळात जन्मजात व्यंग असतं, आणि १० पैकी तीन-चार मुलांमध्ये वाढीच्या, शिकण्याच्या अडचणी येतात. ब्रिटनमध्ये २०१८ पासून नियम आहे की गर्भधारणा टाळण्याची पक्की व्यवस्था असल्याशिवाय मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बाईला ते द्यायचं नाही. मला वाचून आधी राग आला, मग भीती. मूल व्हायच्या आधी कळलं हे नशीब म्हणायचं.

मला लॅमोट्रिजिनवर आणलं. ते फार हळू वाढवतात, आणि मला ते हळू वाढवणं असह्य झालं होतं. कारण विचारल्यावर कळलं की घाईने वाढवलं तर अंगावर जीवघेणं पुरळ येऊ शकतं, त्यात कातडी सोलून निघते. व्हॅल्प्रोएट बरोबर असेल तर लॅमोट्रिजिनची लेव्हल जवळजवळ दुप्पट होते, म्हणून आणखी हळू. मधे सहलीला गेले तेव्हा गोळ्या घरी राहिल्या आणि आठवडाभर खंड पडला. परत आल्यावर नेहमीचा डोस घेणार होते, पण डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, नाही, पुन्हा पहिल्या पायरीपासून. तो फोन केला नसता तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

ज्यांना आधीच दिवस गेलेत आणि व्हॅल्प्रोएट चालू आहे त्यांना विनवते, हे वाचून गोळी टाकून देऊ नका, फिट आणि मॅनिया दोन्हींचा धोका असतो. आजच्या आज डॉक्टरांशी बोला.

खलबत्ता

मी फार्मासिस्ट. काउंटरच्या या बाजूने जे दिसतं ते सांगतो. मनाच्या आजाराची गोळी लोक दुसऱ्या डॉक्टरांपासून लपवतात. दातांच्या डॉक्टरांना, हाडांच्या डॉक्टरांना सांगत नाहीत. मग चिठ्ठीवर ट्रॅमॅडॉल हे वेदनाशामक येतं. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांबरोबर ट्रॅमॅडॉल घेतलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन जास्त होऊन कापरं, घाम, जुलाब, ताप, स्नायू उडणं, गोंधळ असा प्रकार होऊ शकतो. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, नैसर्गिक म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट, हे सगळे त्याच यादीत. आणि एसिटालोप्रॅम-सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांबरोबर रोज आयब्युप्रोफेनसारखं वेदनाशामक घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. ताप किंवा अंगदुखीला पॅरासिटामॉल या सगळ्यांत सोयीचं, लिथियमवाल्यांनाही.

एक प्रसंग. एक काका नेहमी मुलाचं क्लोझापिन, म्हणजे भ्रमावरचं एक औषध, न्यायला येतात. एकदा आनंदाने म्हणाले, मुलाने सिगारेट सोडली, तीन आठवडे झाले, फक्त हल्ली दिवसभर झोपतो. मी त्यांना तिथेच थांबवून डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवतं. धूर थांबला की तोच डोस रक्तात बराच वर चढतो. निकोटिनची पट्टी लावून उपयोग नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. लेव्हल खरंच चढलेली निघाली. म्हणून सिगारेट सोडायची असेल तर जरूर सोडा, आधी डॉक्टरांना तारीख सांगा.

क्लोझापिनचं रक्त तपासायचं का, असंही विचारतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने पांढऱ्या पेशी संपून माणसं दगावली होती, म्हणून ते बऱ्याच ठिकाणी मागे घेतलं गेलं. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर ते चालतं हे सिद्ध झालं, तेव्हा रक्ततपासणीच्या अटीवर परत आलं. घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी रक्त. आणि या औषधावर बद्धकोष्ठ हलकं घेऊ नका, आतडं बंद पडून जीव गेलेले आहेत. तीन दिवस पोट साफ नाही म्हणजे फोन करायचा.

अनामिक_४

हे लिहायला वेगळा आयडी घेतला. सर्ट्रालिनने माझी भीती गेली, पण शरीरसंबंधातलं सगळं थंड झालं. बायकोला वाटायला लागलं की तिच्यातच काही कमी आहे. आठ महिने मी डॉक्टरांना सांगितलं नाही. दर भेटीत ते विचारायचे, "आणखी काही त्रास?" मी म्हणायचो, नाही. शेवटी चिठ्ठीवर लिहून त्यांच्यापुढे सरकवली. ते म्हणाले, हे फार जणांना होतं. डोस कमी केला, मग गोळी बदलली. बायकोला दवाखान्यात बरोबर नेलं, तिथे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर ती किती वेळ काही बोललीच नाही. तोंडाने बोलवत नसेल तर लिहून द्या.

पैलतीर

माझी मुलगी १९ वर्षांची. ओलान्झापिन या भ्रमावरच्या औषधावर पाच महिन्यांत १४ किलो वाढली. जुने कपडे तिने पिशवीत भरून दाराबाहेर ठेवले. आम्ही "जीव वाचला ना" म्हणत होतो. तिला ते ऐकायचं नव्हतं. तिने गुपचूप गोळ्या टाकायला सुरुवात केली, आणि मग पुन्हा भरती.

आणखी एक विचारायचं होतं. धाकटा १७ वर्षांचा आहे, त्याला आता नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन सांगितलंय. त्या गोळीने मुलं जीव देतात असं ऐकलं. द्यायची का?

अर्धविराम

पैलतीर, मुलीने कपडे बाहेर ठेवले तेव्हाच ती तुम्हाला सांगत होती. ओलान्झापिनने भूक पहिल्या आठवड्यांतच वाढते, म्हणून वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटीची साखर आणि चरबी औषध सुरू करण्याआधी मोजायची, वजन सुरुवातीला दर आठवड्याला. दोन-तीन किलो चढले की तेव्हाच बोलायचं. वजन कमी वाढवणारी दुसरी औषधं आहेत, मेटफॉर्मिनची मदत घेता येते. १४ किलो झाल्यावर उतरवणं फार कष्टाचं, पण आताही विचारा.

मुलाबद्दल. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये मुलं आणि किशोरांसाठी, आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या गटातल्या औषधांवर ठळक इशारा घातला. ज्या चाचण्यांवरून तो घातला त्यांत आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न गोळी घेणाऱ्यांत साधारण ४ टक्के होते, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. उपचार न केलेल्या नैराश्याचा धोका याहून मोठा असतो. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी विचार करूनच सांगितलं असेल तर द्या, पण पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यानंतर त्याच्याजवळ राहा. चिडचिड, झोप उडणं, एकदम वेगाने बोलणं, कुहूने लिहिलं तसं बसता न येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच कळवा. घरात मोठी बहीण भरती झालेली आहे हे त्या डॉक्टरांना माहीत आहे का? नसेल तर उद्याच सांगा. तिला बायपोलर असेल तर धाकट्याच्या नैराश्याकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागेल, कारण नुसत्या नैराश्याच्या गोळीने मॅनिया उसळू शकतो. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, एकावेळी महिन्याभराचं पाकीट मुलाच्या खोलीत नको.

पैलतीर

माहीत नाही त्यांना. डॉक्टर वेगळे आहेत. तिचा आजार सांगितला तर त्यालाही तेच आहे असं म्हणतील, ही भीती होती. उद्या सकाळी फोन करते.

केतकीबन

वाचून हात गार पडले. मी सहा वर्षं लिथियमवर, आणि शेवटची तपासणी दोन वर्षांपूर्वीची. बरं वाटत होतं म्हणून नुसत्या गोळ्या आणत राहिले. हल्ली खूप तहान लागते, रात्री चार-पाचदा लघवीला उठते. निशिगंध, रक्त कधी द्यायचं? सकाळची गोळी घेऊन?

निशिगंध

नाही, गोळी घेऊन नाही. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. त्याआधी दिलं तर लेव्हल उगाच जास्त येते. दादाला रात्री नऊला गोळी असते, तो सकाळी नऊला रक्त देतो आणि सकाळी काही असेल तर ते नंतर घेतो. लेव्हलबरोबर क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), थायरॉइड आणि कॅल्शियमही करून घ्या. दादाचं आता सगळं दर सहा महिन्यांनी होतं, लेव्हल तीन महिन्यांनी. तहानेचं डॉक्टरांना नक्की सांगा. आणि तहान आहे म्हणून पाणी कमी करू नका, उलटं होईल.

अर्धविराम

बरोबर. केतकीबन, हात किती थरथरतो? चालताना तोल जातो का? उलट्या, जुलाब?

केतकीबन

नाही, बाकी काही नाही. आता सव्वानऊ झालेत, गोळी आत्ताच घेतली. उद्या सकाळी सव्वानऊला रक्त देऊन येते. डॉक्टरांची वेळ दुपारची मिळाली आहे.

निशिगंध

लेव्हल आली की इथे कळवा. मी बघत राहीन.